विश्लेषण : युद्ध नको म्हणणारा जपान लष्करावरचा खर्च का वाढवतोय?

७ नोव्हेंबर २०२५ रोजी जपानी संसदेच्या अर्थसंकल्प समितीत विरोधी पक्षाचे ज्येष्ठ खासदार कात्सुया ओकादा यांनी पंतप्रधान सनाए ताकाइची यांना तैवानविषयी प्रश्न विचारला. तैवानभोवती नेमके काय घडले तर जपान आपल्या अस्तित्वाला धोका आहे असे मानेल, हा त्या प्रश्नाचा रोख होता. आजवरचे पंतप्रधान अशा प्रश्नाला ठरलेले, गुळमुळीत उत्तर देऊन बाजूला होत. ताकाइची यांनी तसे केले नाही. चीनने युद्धनौका आणून बळाचा वापर केला, तर ती स्थिती जपानच्या अस्तित्वाला धोका ठरू शकते, असे त्यांनी सांगितले.

हे शब्द साधे नाहीत. जपानी कायद्यात 'अस्तित्वाला धोका' ही एक निश्चित संज्ञा आहे. सरकारने ती लागू केली, की स्वतःवर हल्ला झालेला नसतानाही जपानी सैन्य लढाईत उतरू शकते. चीनने लगेच आपल्या नागरिकांना जपानला न जाण्याचा सल्ला दिला, जपानी मासळीची आयात पुन्हा रोखली आणि विधान मागे घेण्याची मागणी केली. ताकाइची यांनी ते मागे घेतले नाही.

दुसऱ्या महायुद्धातील शरणागतीला ८० वर्षे पूर्ण झाली त्याच वर्षी हे घडले. ज्या देशाच्या राज्यघटनेत सैन्य ठेवणार नाही असे लिहिले आहे, तो देश इथपर्यंत कसा आला? आणि तिथल्या सामान्य माणसाला यात काय वाटते?

सैन्य नाही, तरी सैन्य कसे?

जपानची राज्यघटना ३ मे १९४७ रोजी लागू झाली. तिचा मूळ मसुदा अमेरिकी जनरल डग्लस मॅकआर्थर यांच्या कार्यालयात फेब्रुवारी १९४६ मध्ये आठवडाभरात तयार झाला होता. तिच्या नवव्या कलमात दोन गोष्टी आहेत. राष्ट्राचा हक्क म्हणून युद्ध करण्याचा कायमचा त्याग, आणि भूदल, नौदल, हवाई दल न ठेवण्याचे वचन.

हे वचन तीन वर्षांतच डळमळले. जून १९५० मध्ये कोरियन युद्ध पेटले, जपानमधील अमेरिकी सैनिक तिकडे गेले आणि मॅकआर्थर यांच्याच आदेशाने ७५ हजारांचे 'राष्ट्रीय राखीव पोलीस दल' उभे राहिले. १९५४ मध्ये त्याचे 'स्वसंरक्षण दल' झाले. घटना स्वसंरक्षणाचा हक्क नाकारत नाही, त्यासाठी लागणारे किमान बळ म्हणजे युद्धसामर्थ्य नव्हे, असा अर्थ सरकारने लावला. तो आजही कायम आहे.

शब्दांची ही कसरत पुढे सगळीकडे शिरली. पायदळाला 'सामान्य शाखा' म्हटले गेले, युद्धनौकांना 'संरक्षक नौका'. 'इझुमो' या भल्यामोठ्या नौकेवरून एफ-३५बी लढाऊ विमाने उडावीत म्हणून तिच्यात बदल केले गेले, पण तिला विमानवाहू नौका म्हणणे सरकार टाळत आले. न्यायालयांनीही या प्रश्नाला थेट हात घातला नाही. १९७३ मध्ये साप्पोरो जिल्हा न्यायालयाने स्वसंरक्षण दल घटनाबाह्य ठरवले होते, पण वरच्या न्यायालयात तो निकाल टिकला नाही. सर्वोच्च न्यायालयाने मूळ प्रश्नाचे उत्तर आजवर दिलेले नाही.

त्या काळात बंधने मात्र खरी होती. १९६७ मध्ये पंतप्रधान एइसाकु सातो यांनी अण्वस्त्रे बनवणार नाही, बाळगणार नाही, देशात येऊ देणार नाही ही तीन तत्त्वे मांडली. १९७६ मध्ये संरक्षण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आत ठेवण्याचे ठरले. संरक्षणाचा मोठा भार अमेरिकेवर आणि देशाचे लक्ष कारखानदारीवर, असा हा व्यवहार होता.

युद्धाची आठवण, पण कोणाची?

युद्धात जपानचे सुमारे ३१ लाख लोक मेले, त्यांतील सुमारे २३ लाख सैनिक व लष्करी कर्मचारी होते. यांतील बहुसंख्य सैनिक गोळीने नव्हे, तर उपासमार आणि रोगराईने मेले, असे इतिहासकार आकिरा फुजिवारा यांनी दाखवून दिले. रसद न पाठवता माणसे पुढे ढकलणारे सेनापती, १० मार्च १९४५ च्या एका रात्रीत टोकियोत जळून मेलेले सुमारे एक लाख लोक आणि मग हिरोशिमा, नागासाकी. युद्धानंतरच्या पिढीने यातून काढलेला धडा साधा होता : पुन्हा युद्ध नको आणि गणवेशातल्या माणसावर विश्वास नको.

हा धडा मनापासूनचा होता, पण त्यात एक पोकळी होती. त्यात जपान मुख्यतः सोसणारा होता. १९१० ते १९४५ कोरियावर राज्य करणारा, १९३१ मध्ये मांचुरिया घेणारा, १९३७ मध्ये नानजिंगमध्ये कत्तल करणारा, हजारो स्त्रियांना लष्करी वेश्यालयांत डांबणारा जपान घरगुती आठवणींत कमी दिसत होता. आजोबा उपाशी मेले हे घरात सांगितले जाई. चीनमध्ये आजोबांनी काय केले, हे सहसा नाही.

पाठ्यपुस्तकांवरून झालेले वाद याच पोकळीतले आहेत. इतिहासकार साबुरो इएनागा यांनी पुस्तकांवरील सरकारी कात्रीविरुद्ध १९६५ मध्ये दावा लावला. त्यांची न्यायालयीन लढाई १९९७ पर्यंत, म्हणजे ३२ वर्षे चालली.

यासुकुनीवरून इतका गदारोळ का?

टोकियोतील यासुकुनी हे १८६९ मध्ये स्थापन झालेले शिंतो मंदिर. देशासाठी मेलेल्या सुमारे २४ लाख ६६ हजार जणांना तिथे देवत्व दिले आहे. ज्यांच्या घरातले कोणी युद्धावरून परतले नाही, त्यांच्यासाठी ती श्राद्धाची जागा आहे. पण १९७८ मध्ये मंदिराने गाजावाजा न करता त्या यादीत १४ प्रमुख युद्धगुन्हेगारांची नावे घातली. युद्धकाळातील पंतप्रधान हिदेकी तोजो त्यांपैकी एक. पुढच्या वर्षी बातमी फुटली.

तेव्हापासून पंतप्रधानाने तिथे हात जोडले, की तो कोणापुढे वाकला हा प्रश्न उभा राहतो. नातवाला आजोबा दिसतात, बीजिंग आणि सोलला तोजो. यासुहिरो नाकासोने १९८५ मध्ये गेले आणि चीन भडकला. जुनिचिरो कोइझुमी २००१ ते २००६ दरवर्षी गेले. डिसेंबर २०१३ मध्ये शिंझो आबे गेले तेव्हा अमेरिकेनेही जाहीर नाराजी व्यक्त केली.

या वादात एक बाजू सहसा झाकली जाते. सम्राट हिरोहितो १९७५ नंतर यासुकुनीला गेले नाहीत. युद्धगुन्हेगारांची नावे तिथे घातली गेल्याने ते नाराज होते, हे २००६ मध्ये उजेडात आलेल्या राजघराण्याच्या एका अधिकाऱ्याच्या टिपणांतून दिसले. त्यांचे पुत्र अकिहितो आणि नातू नारुहितो हेही सम्राट म्हणून तिथे गेलेले नाहीत. ज्या सम्राटाच्या नावाने ते सैनिक मेले, त्याच्याच घराण्याने त्या दारापासून अंतर राखले आहे.

मंत्री असताना यासुकुनीला नियमित जाणाऱ्या ताकाइची यांनीही ऑक्टोबर २०२५ मध्ये, पंतप्रधानपद समोर दिसत असताना, शरदोत्सवाला जाणे टाळले.

माफी मागितली की नाही?

मागितली, आणि एकदा नव्हे. १९९३ मध्ये मंत्रिमंडळाचे मुख्य सचिव योहेई कोनो यांनी लष्करी वेश्यालयांतील स्त्रियांबाबत सैन्याचा सहभाग मान्य करून माफी मागितली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी पंतप्रधान तोमिइची मुरायामा यांनी वसाहतवादी राजवट आणि आक्रमण हे शब्द वापरून मनापासून क्षमा मागितली. पुढच्या पंतप्रधानांनी ते निवेदन मान्य केले, पण सत्ताधारी पक्षातील उजव्या गटाला ते कायम टोचत राहिले.

१४ ऑगस्ट २०१५ रोजी आबे यांनी आधीच्या निवेदनांचा आधार कायम ठेवला. पण युद्धाशी संबंध नसलेल्या पुढच्या पिढ्यांवर माफी मागत राहण्याचे ओझे असू नये, असेही सांगितले. अनेक जपानी तरुणांना हे पटले. ज्यांना अजून पुरेसे उत्तर मिळालेले नाही असे वाटते, त्या शेजाऱ्यांना यात दार लावल्याचा आवाज ऐकू आला.

२०२५ मध्ये पंतप्रधान शिगेरू इशिबा यांनी वेगळी वाट धरली. १५ ऑगस्टच्या स्मृतिसभेत त्यांनी 'आत्मपरीक्षण' या अर्थाचा शब्द वापरला. १३ वर्षांत कोणत्याही पंतप्रधानाने तिथे तो वापरला नव्हता. पद सोडण्याच्या काही दिवस आधी, १० ऑक्टोबरला, त्यांनी वैयक्तिक संदेश प्रसिद्ध केला. हे युद्ध टाळता का आले नाही, हा त्याचा विषय होता. सरकार, संसद आणि वृत्तपत्रे लष्कराला आवर घालण्यात कशी कमी पडली, याची चर्चा त्यात आहे. लष्करी व्यवहारांची जाण असलेल्या माजी संरक्षणमंत्र्याने हे लिहावे, याला वजन होते. पण मंत्रिमंडळाचा निर्णय नसल्याने त्याला सरकारी निवेदनाचा दर्जा मिळाला नाही. आठवडाभराने, १७ ऑक्टोबरला, मुरायामा १०१ व्या वर्षी वारले. त्यानंतर चार दिवसांनी ताकाइची जपानच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या.

लष्कराबद्दलचे मत कधी बदलले?

पहिला धक्का १९९१ च्या आखाती युद्धाने दिला. जपानने त्या मोहिमेसाठी सुमारे १३ अब्ज डॉलर मोजले, पण माणसे पाठवली नाहीत. मुक्त झालेल्या कुवेतने अमेरिकी वृत्तपत्रांत आभाराची जाहिरात दिली, त्यात जपानचे नावच नव्हते. पैसे देऊनही पत राहिली नाही, ही बोच राज्यकर्त्यांच्या मनात खोल बसली. १९९२ मध्ये शांतिसेनेत सहभागाचा कायदा झाला आणि जपानी तुकडी कंबोडियात गेली. २००४ मध्ये इराकमधील समावा येथे सैनिक गेले. त्यांनी पाणी पुरवले, रस्ते दुरुस्त केले आणि लढाईत एकही माणूस न मारता, न गमावता परत आले.

सामान्य माणसाचे मत मात्र परदेशातल्या मोहिमांनी नव्हे, घरच्या आपत्तींनी बदलले. १९९५ च्या कोबे भूकंपात मदतीला उशीर झाला, अशी मोठी टीका झाली. ११ मार्च २०११ च्या भूकंप व त्सुनामीनंतर चित्र उलटे होते. सुमारे एक लाख जवान चिखलात उतरले. त्यांनी माणसे वाचवली, प्रेते शोधली, निवारा छावण्यांत अन्नपाणी पोहोचवले. त्यानंतरच्या सरकारी पाहणीत दलाबद्दल चांगले मत असणाऱ्यांचे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर गेले आणि पुढेही त्याच्या आसपास राहिले. ज्या गणवेशाकडे आजी संशयाने पाहत होती, तो नातवाला सुटकेचा वाटू लागला.

दुसरीकडे भीतीही वाढत होती. १९९८ मध्ये उत्तर कोरियाचे क्षेपणास्त्र जपानवरून गेले आणि २०१७ मध्ये पहाटेचे भोंगे वाजले. आपल्या नागरिकांना पळवून नेल्याची कबुली उत्तर कोरियाने २००२ मध्ये दिली होती. २०१२ नंतर सेंकाकू बेटांभोवती चिनी सरकारी नौकांच्या फेऱ्या वाढल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये तैवानभोवतीच्या सरावात चीनची काही क्षेपणास्त्रे जपानच्या आर्थिक क्षेत्रातील समुद्रात पडली. त्याच वर्षी रशियाने युक्रेनवर हल्ला केला होता. एखादा देश लढायला तयार नसला तरी युद्ध त्याच्या दारात येऊ शकते, हे जपानी प्रेक्षक रोज दूरचित्रवाणीवर पाहत होते.

घटना तीच, मग बदल कसे झाले?

घटनेत एका अक्षराचाही बदल आजवर झालेला नाही. त्यासाठी दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते आणि नंतर सार्वमत लागते. बदलला तो तिचा अर्थ.

जुलै २०१४ मध्ये आबे मंत्रिमंडळाने ठरवले, की मित्रदेशावरील हल्ल्याने जपानचे अस्तित्वच धोक्यात येत असेल, तर लढता येईल. सप्टेंबर २०१५ मध्ये त्याचे कायदे झाले. तेव्हा संसदेबाहेर पावसात हजारो लोक उभे होते. त्यांत विद्यार्थी होते आणि युद्ध पाहिलेले वृद्धही. ताकाइची यांच्या उत्तरातली संज्ञा याच कायद्यातली.

डिसेंबर २०२२ मध्ये फुमिओ किशिदा सरकारने पाच वर्षांत ४३ लाख कोटी येन खर्चाची योजना आणली. २०२७ पर्यंत संरक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्के खर्चाचे आणि शत्रूच्या तळांवर मारा करू शकणाऱ्या क्षेपणास्त्रांचे धोरणही ठरले. २०२५ च्या आर्थिक वर्षाची तरतूद सुमारे ८.७ लाख कोटी येन झाली. ताकाइची सरकारने दोन टक्क्यांचे उद्दिष्ट दोन वर्षे अलीकडे ओढले. शस्त्रनिर्यातीवरची बंधनेही सैलावली. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाने जपानच्या मोगामी वर्गातील युद्धनौकांची निवड केली.

या वेळी रस्त्यावर २०१५ सारखी गर्दी दिसली नाही. राजकारणातला लगामही गेला. १९९९ पासून सत्ताधाऱ्यांसोबत असलेला बौद्ध पाठबळाचा कोमेइतो पक्ष लष्करी निर्णयांत हात आखडता घ्यायला लावत असे. राजकीय देणग्यांच्या प्रश्नावर ऑक्टोबर २०२५ मध्ये तो आघाडीतून बाहेर पडला. त्याची जागा संरक्षणाबाबत आक्रमक असलेल्या निप्पोन इशिन पक्षाने घेतली.

विश्वास आहे, मग भरती का होत नाही?

हा या सगळ्या चित्रातला सर्वात बोलका विरोधाभास आहे. दहांपैकी नऊ जणांना दल चांगले वाटते, पण त्यात जायला तरुण तयार नाहीत. मंजूर संख्या सुमारे २ लाख ४७ हजार असताना सुमारे एक दशांश जागा रिकाम्या आहेत. २०२३ च्या आर्थिक वर्षात भरतीचे उद्दिष्ट जेमतेम निम्मे गाठले गेले. २०१८ मध्येच भरतीची वयोमर्यादा २६ वरून ३२ करावी लागली होती.

घटती लोकसंख्या आणि खासगी नोकऱ्यांतले पगार ही कारणे आहेतच. पण जागतिक मूल्य सर्वेक्षणाच्या २०१७ नंतरच्या फेरीत, वेळ आली तर देशासाठी लढाल का, या प्रश्नाला जपानमध्ये सुमारे १३ टक्के लोकांनीच 'हो' म्हटले. पाहणी झालेल्या देशांत हे प्रमाण तळाला होते. संरक्षणासाठी करवाढ म्हटली की नाराजी उमटते, त्यामुळे प्राप्तिकर वाढवण्याचा निर्णय पुन्हा पुन्हा पुढे ढकलला गेला.

याचा अर्थ एवढाच, की जपानी समाजाने लष्कराला स्वीकारले ते वाचवणारे हात म्हणून. लढणारे, मारणारे आणि मरणारे सैन्य म्हणून त्याने अजून त्याच्याकडे पाहिलेलेच नाही. १९५४ पासून या दलाने युद्धात एकही माणूस मारलेला नाही. राज्यकर्ते ज्या दलाविषयी बोलतात आणि जनता ज्या दलावर प्रेम करते, ते एकच दल असले तरी त्याचे चित्र वेगळे आहे.

ओकिनावा वेगळे का बोलते?

१९४५ च्या वसंतात ओकिनावावर तीन महिने लढाई झाली. दोन लाखांहून अधिक माणसे मेली, त्यांत सुमारे ९४ हजार सामान्य नागरिक होते. काहींना जपानी सैनिकांनी गुहांतून बाहेर काढले, काहींना हेर ठरवून मारले, काहींना सामूहिक आत्महत्या करायला लावले. लष्कर लोकांचे रक्षण करत नाही, हा तिथला धडा आहे. २००७ मध्ये पाठ्यपुस्तकांतून या आत्महत्यांमागील लष्कराचा हात पुसट करण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा तिथे प्रचंड सभा झाली.

देशाच्या ०.६ टक्के भूमीवरच्या या प्रांतात जपानमधील अमेरिकी तळांचे सुमारे ७० टक्के क्षेत्र आहे. आता योनागुनी, मियाको आणि इशिगाकी या बेटांवर जपानी दलाचेही तळ झाले आहेत. योनागुनीपासून तैवान केवळ ११० किलोमीटरवर आहे. टोकियोत 'तैवानचा प्रश्न' ही धोरणाची चर्चा असते. इथे ती बेट रिकामे कसे करायचे, म्हाताऱ्यांना कोणत्या बोटीत बसवायचे याची चर्चा असते. बेटवासीयांतही एकमत नाही. काहींना तळामुळे आधार आणि रोजगार मिळाला असे वाटते, काहींना आपण पुन्हा निशाण्यावर आलो असे.

भारताचा यात काय संबंध?

यासुकुनीच्या आवारात एका भारतीयाचे स्मारक आहे. टोकियो खटल्यात सर्व आरोपींना निर्दोष ठरवणारे न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांचे. २००७ मध्ये आबे कोलकात्यात जाऊन त्यांच्या मुलाला भेटले. पण जपानने अत्याचार केले नाहीत, असे पाल यांनी म्हटलेले नाही. हा खटला जेत्यांचा न्याय आहे, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. जपानमधील उजव्या गटाने त्यांच्या निकालपत्राचा हवा तेवढाच भाग उचलला.

भारताची स्वतःची आठवणही एकरंगी नाही. नेताजींच्या आझाद हिंद सेनेला जपानने साथ दिली. त्याच जपानच्या ताब्यात १९४२ ते १९४५ अंदमान होते, तेव्हा सेल्युलर जेलमध्ये स्थानिकांना डांबून छळले गेले आणि जानेवारी १९४४ मध्ये हंफ्रेगंजला ४४ भारतीयांना गोळ्या घातल्या गेल्या. आज मात्र दिल्लीला टोकियो जवळचा वाटतो. जपान २०१५ पासून मलबार नौदल सरावाचा कायम सदस्य आहे आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये युद्धनौकांसाठीच्या 'युनिकॉर्न' अँटेना प्रणालीवर दोन्ही देशांचा करार झाला.

पुढे काय?

२०२४ चे शांततेचे नोबेल अणुबॉम्बमधून वाचलेल्यांच्या 'निहोन हिदान्क्यो' या संघटनेला मिळाले. मार्च २०२५ मध्ये अशा नोंदणीकृत लोकांची संख्या प्रथमच एक लाखाच्या खाली आली. त्यांचे सरासरी वय तेव्हा ८६ होते. ८० वर्षे नवव्या कलमाचा खरा पहारेकरी कायद्याचे पुस्तक नव्हते, तर 'मी हे डोळ्यांनी पाहिले आहे' असे म्हणणारा माणूस होता. तो प्रत्येक घरात होता आणि त्याच्यासमोर कोणत्याही नेत्याला जपून बोलावे लागे. आता तो नाही.

घटनेत स्वसंरक्षण दलाचा उल्लेख करायचा, हा आबे यांचा २०१७ चा प्रस्ताव अजून जिवंत आहे. तैवानबाबतच्या प्रश्नावर जनमत जवळपास निम्मे-निम्मे विभागलेले आहे. संरक्षण हवे, पण किंमत नको, ही जपानी मतदाराची भूमिका आजवर चालली. कारण किंमत अमेरिका मोजत होती आणि युद्ध झाले नव्हते. पुढची चाचणी सार्वमताची असेल की समुद्रातल्या एखाद्या चकमकीची, यावर बरेच अवलंबून आहे. सार्वमतात लोकांना विचार करायला वेळ मिळतो. चकमकीत तो मिळत नाही. १९३० च्या दशकात तो मिळाला नव्हता, हेच इशिबा यांच्या संदेशाचे सार होते.